आमसुलाचं सार कशात करू, बाई?

दसरा ओसरला की या सदराच्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, इडलीचं पीठ का फुगलं नाही, असं विचारतात. धनत्रयोदशी जवळ आली की सगळे भांड्यांवर येतात. यंदा पत्रांच्या जोडीला मोबाइलवरचे व्हिडिओही आलेत, आणि त्यातल्या निम्म्यांत तरी कुणी ना कुणी कुठलं तरी भांडं हातात धरून ‘हे विष आहे’ असं ओरडतंय. माझं माहेर भांड्यांच्या दुकानाचं, खडेबाजारातलं, आणि उभा जन्म गेला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात. त्यामुळे तराजूही बघितलाय आणि परीक्षानळीही.

बहुतेकांनी विचारलंय, सगळ्यांत चांगलं भांडं कोणतं? त्यांना माझे उलट प्रश्न आहेत. त्यात शिजवणार काय? शिजवलेलं त्यात किती वेळ राहणार? आणि खाणार कोण? हे न सांगता भांडं विचारणं म्हणजे दुखणं न सांगता औषध मागणं.

येळ्ळूरहून एक सूनबाई: बाई, आमचं घर एकत्र आहे. लहानमोठी धरून बरीच माणसं. भात, आमटी, आमसुलाचं सार सगळं जर्मनच्या पातेल्यांत होतं. धाकट्या भाऊजींनी मोबाइलवर बघितलं की जर्मनच्या भांड्यानं माणसाची स्मृती जाते. सासूबाई म्हणतात, ‘मग माझी कशी गेली नाही? तुझ्या लग्नात कुणी काय आहेर केला ते सांगू काय?’ सगळी पातेली मोडीत घालायची म्हटलं तर घरात महाभारत होईल. त्यात मामंजींना किडनीचा त्रास निघालाय. काय करू?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे, फक्त एका माणसावरून शास्त्रात निकाल देता येत नाही.

जर्मनचं भांडं म्हणजे अल्युमिनियम. स्मृतीची गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही. १९७०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना भ्रम होऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. डायलिसिसला वापरलेल्या पाण्यातलं अल्युमिनियम थेट त्यांच्या रक्तात जात होतं आणि ते बाहेर टाकायला त्यांची मूत्रपिंडं समर्थ नव्हती. तिथून हा धागा अल्झायमरशी जोडला गेला. आपण जेवतो तेव्हा मात्र पोटात गेलेल्या अल्युमिनियमचा अगदी थोडा अंश शरीरात शोषला जातो, आणि धडधाकट मूत्रपिंडं तोही लघवीवाटे काढून टाकतात. जर्मनच्या पातेल्यात जेवण केल्यामुळे अल्झायमर होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा भाऊजींना सांगा, घरात हाहाकार करायचं कारण नाही.

पण ‘काहीच होत नाही’ हेही खरं नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये मर्यादा ठरवली ती आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला आठवड्याला १०० मिलिग्रॅम. यात भाजीपाला, चहा, बेकिंग पावडर, सगळ्यातून येणारं अल्युमिनियम धरलेलं आहे. भांड्यातून त्यात किती भर पडते हे भांड्यापेक्षा पदार्थावर जास्त अवलंबून. साधा भात, दूध, बिनआंबटाचं वरण यांत फार थोडं उतरतं. आमसुलाचं सार, चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचा रस्सा, ताकाची कढी, पुंडीची भाजी यांत पुष्कळ जास्त. मीठ त्याला हात देतं, उष्णता देते, आणि सगळ्यांत जास्त देतो तो वेळ. रात्रीची उरलेली आमटी त्याच पातेल्यात झाकून सकाळी पुन्हा उकळवणं, ही खरी गोम आहे.

आता तुमच्या घासण्याच्या जागेकडे येऊ. जर्मनच्या पातेल्यात नुसतं पाणी तापवलं की आतून ते काळपट पडतं. घरातली हौशी माणसं मग त्यात चिंच किंवा लिंबाच्या साली उकळून ते चकाचक करतात, वरून तारेच्या घासणीनं खरवडतात. हे करू नका. अल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूमुळे एक पातळ कठीण थर आपोआप धरतो आणि तोच आतल्या धातूला आवरून ठेवतो. काळपटपणा त्या थरावरचाच असतो. आंबटात उकळलं की थर विरघळतो, पातेलं आरशासारखं दिसतं आणि पुढचा स्वयंपाक उघड्या धातूवर होतो. काळं दिसू द्या. पाहुण्यांना दाखवायची पातेली वेगळी ठेवा हवी तर. बाजारात करड्या रंगाच्या ‘हार्ड अॅनोडाइज्ड’ कढया मिळतात, त्यांत हाच थर विजेच्या साहाय्यानं मुद्दाम जाड केलेला असतो. तो खरवडला जाईपर्यंत त्या चांगल्या.

म्हणून महाभारत टाळून असं करा. जाड बुडाची स्टीलची दोन पातेली घ्या, एक आमटी-रश्शाला, एक साराला. भात, दूध, आंघोळीचं पाणी चालू द्या जर्मनमध्ये. कुकर जर्मनचा असला तरी त्यात टोमॅटो-चिंचेची आमटी थेट न लावता आत स्टीलचा डबा ठेवा. मामंजींचं मात्र सगळंच जेवण स्टीलमध्ये करायचं, तिथं तडजोड नको. आणि त्यांच्या डॉक्टरांना एक आठवणीनं विचारा, आंबटपित्तासाठी ते कोणती गोळी किंवा पातळ औषध घेतात? त्यातल्या काहींत अल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, आणि एका मात्रेत पातेल्यातून येईल त्याच्या कितीतरी पट अल्युमिनियम असतं. घरातली भांडी बदलली आणि ते औषध तसंच राहिलं, असं व्हायला नको.

निपाणीहून एक खानावळवाले: बाई, खानावळीसाठी मोठ्या कढया आणि टोप किलोवर घेतलेत. दुकानदारानं ‘इंडालियम’ म्हणून दिले, चांगले जड आहेत. पुण्याचा भाचा म्हणतो अमेरिकेनं यावर बंदी घातलीय. आपल्या बेळगावच्या इंडालच्या मालाला अमेरिका नावं ठेवते म्हणजे काय?

मालक, आधी यमनापूरच्या कारखान्याला यातून मोकळं करू. जुनी मंडळी अजून त्याला इंडालच म्हणतात. तिथं बॉक्साइटपासून अल्युमिना काढतात. तुमची कढई काही तिथं ओतलेली नाही. ‘हिंडालियम’, ‘इंडालियम’ ही आता बाजारात अल्युमिनियमच्या मिश्रधातूला सर्रास लावायची नावं झालीत, कुणीही कशालाही लावतो.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इशारा दिला की बाहेरून आलेल्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं, दुकानदारांनी ती विकू नयेत. त्यात अल्युमिनियमची, पितळेची आणि हिंडालियम-इंडालियम नावानं विकली जाणारी भांडी आहेत. यावरून ‘सगळं हिंडालियम विषारी’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पण इशारा कानाआडही करू नका. या सगळ्या पत्रांत मला खरी काळजी वाटली ती तुमच्या पत्राची.

अल्युमिनियमची मर्यादा मी वर सांगितली. शिशाला अशी मर्यादाच नाही. इतकं चालतं, असा सुरक्षित आकडा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर ते घाला घालतं, गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाकडे जातं, मोठ्यांचा रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडं बिघडवतं आणि हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. चवीला कळत नाही, वासाला कळत नाही.

ते कढईत येतं कुठून? भंगारातून. मोटारीचे सुटे भाग, रेडिएटर, जुनी यंत्रं, तारा असं मिळेल ते एकत्र वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं की त्यात जे काही होतं ते सगळं कढईत येतं. आफ्रिका-आशियातल्या बऱ्याच देशांतली अशी ओतीव भांडी तपासली गेली आणि अनेकांतून शिसं निघालं. चांगल्या कारखान्यात पत्रा दाबून केलेल्या भांड्यात धातूचं मिश्रण ठरलेलं असतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत अल्युमिनियमच्या भांड्यासाठी मानकं नेमून दिलेली आहेत, ओतीव मालाला आयएस २० आणि पत्र्याच्या मालाला आयएस २१. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्टील आणि अल्युमिनियम दोन्ही भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला.

आज रात्री गिऱ्हाईक गेल्यावर एक कढई पालथी घालून नीट बघा. बुडावर बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयचं चिन्ह, काही कोरलंय का? आतून बोट फिरवलं तर वाळूसारखा खरखरीतपणा, सुईच्या टोकाएवढी भोकं लागतात का? नाव नाही, चिन्ह नाही, भोकं आहेत, म्हणजे शिसं आहेच असं नव्हे. ते प्रयोगशाळेतच कळेल. पण ज्या मालाचा मायबाप माहीत नाही त्यात मी तांबडा रस्सा शिजवणार नाही. जड आहे म्हणून चांगलं, हा हिशेब आमच्या वडिलांच्या दुकानात पितळेला लागायचा. ओतीव अल्युमिनियमला लागत नाही.

एकदम सगळं बदलणं खानावळीला परवडणार नाही, ते समजतं. आधी रश्शाचे आणि आमटीचे टोप स्टीलचे करा, कारण आंबट, तिखट-मीठ आणि तासन्‌तास मंद आच, सगळं तिथंच एकत्र येतं. भाताचं त्यानंतर. तळणीला लोखंडाची किंवा बिडाची कढई घ्या. जुन्या कढया कुणाच्या संसाराला देऊ नका, मोडीत घाला. मोडीतून त्या पुन्हा कुणाची तरी कढई होतील हेही खरं, आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

शहापूरहून एक आई: माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. आजेसासूबाई म्हणतात, तिचं दूध पितळी पातेल्यात तापवून तांब्याच्या गडव्यात ठेवावं, अंगाला तांबं लागतं. पातेल्याची कल्हई गेलीय, तळ पिवळा दिसतो. त्यांना दुखवायचं नाही, पण मन धजत नाही.

मन धजत नाही ते बरोबर आहे. लेकीचं दूध आजपासून स्टीलमध्ये.

हे मी नुसत्या भीतीनं सांगत नाही. एके काळी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, यकृत दगडासारखं घट्ट लागायचं, आणि बहुतेक मुलं हाती लागायची नाहीत. त्या यकृतात तांबं भरमसाट साठलेलं आढळायचं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर याचा माग काढला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळ-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं, असं त्यांना दिसलं. दुधातली प्रथिनं तांब्याला धरून ठेवतात. घराघरांत स्टील आलं आणि पुढं हा आजार दुर्मीळ झाला.

आजेसासूबाईंना असं सांगा की चूक पितळेची नाही, कल्हईची आहे. त्यांच्या तरुणपणी कल्हईवाला दारात यायचा आणि बिनकल्हईच्या पातेल्यात दूध तापवलं असतं तर त्यांच्याच सासूनं बोलणी ऐकवली असती. सरकारी नियमही तेच म्हणतो, नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नाला वापरायचं नाही.

पातेलं ठेवायचं असेल तर कल्हई करून घ्या, पण समोर उभं राहून. कल्हईवाला पातेलं निखाऱ्यावर तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं तो ती सगळीकडे फिरवतो. पिवळं पातेलं बघता बघता चांदीसारखं होतं. बघायला सुंदर आहे, फक्त धुरापासून लेकीला लांब ठेवा. तुमचं लक्ष मात्र कांडीवर हवं. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं आणि महाग असतं. त्यात शिसं मिसळलं की स्वस्त पडतं आणि कमी आचेवर वितळतं, म्हणून काहींना तो मोह होतो. कांडी हातात मागून घ्या. शुद्ध कथलाची पांढरी झाक टिकते आणि वाकवताना बारीक कुरकुर ऐकू येते. शिसं मिसळलेली मळकट, मऊ वाकते आणि कागदावर घासली की पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. ही काही प्रयोगशाळेतली खात्री नव्हे. पण ‘बघू कांडी’ म्हणणाऱ्या बाईला कल्हईवाला वेगळी कांडी काढून देतो, हे आमच्या दुकानाच्या पायरीवर मी बघितलेलं आहे.

कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात फोडणीही करायची नाही. कथील ओघळतं. आणि गळकं भांडं डाग देऊन, म्हणजे भोक वितळलेल्या धातूनं बुजवून आणलेलं असेल तर ते पाण्याला, जेवणाला बाद. डाग देतात त्या मिश्रणात जुन्या पद्धतीनं शिसं असतंच. त्यात तुळस लावा.

टिळकवाडीतून: लेकीनं नॉन-स्टिकचा संच भेट दिलाय. घरात लव्हबर्ड्स आहेत. शेजारी म्हणाल्या, नॉन-स्टिकच्या धुरानं पक्षी मरतात. खरं का?

खरं आहे. नॉन-स्टिकचा लेप टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा. तो साधारण २६० अंशांपर्यंत शांत असतो. त्यापुढे तो बिघडायला लागतो आणि तापमान वाढेल तसे वायू सोडतो. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक, ते पटकन दगावतात. माणसाला ताप आल्यासारखं होऊन उतरतं. अन्न किंवा पाणी आत असेल तर तवा इतका तापत नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोन घ्यायला गेलं की मात्र काही मिनिटांत तिथं पोचतो. तेव्हा रिकामा तापवायचा नाही, मंद किंवा मध्यम आच, लाकडी उलथनं, आणि पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब. भाकरी नॉन-स्टिकवर करायचीच नाही. तिला लागते तेवढी आच त्याला सोसत नाही.

लेपाचा कपटा पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो, त्याची धास्ती नको. खोक्यावर ‘पीएफओए-फ्री’ लिहिलंय त्यानं मात्र हुरळून जाऊ नका. पीएफओए हे लेप बनवताना वापरायचं रसायन. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम करारात जगभर बंद करायच्या यादीत गेलं. म्हणजे तो तवा टेफ्लॉनचा नाही असं नव्हे. लेप पापुद्रे धरू लागला की टाकून द्या. लेकीला वाईट वाटलं तर हे पत्र दाखवा.

चिकोडीहून: थोरल्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. लोखंडी कढईत भाजी करा म्हणतात. केली तर काळी पडते, मुलगी तोंड वाकडं करते. कढईला गंजही लागतो.

तुमची मुलगी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोखंडी किंवा बिडाच्या कढईतून जेवणात लोह उतरतं हे पक्कं, आणि ओलं, आंबट, जास्त वेळ शिजणारं असेल तितकं जास्त. म्हणजे कोरड्या भाकरीच्या तव्यातून फारसं काही मिळत नाही, पातळ भाजीतून मिळतं. अडचण अशी की त्याच गोष्टी भाजीला काळी करतात आणि लोखंडी चव आणतात. मधला रस्ता असा: मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला कढईत परतून शिजवायचा, झाल्याबरोबर स्टीलच्या भांड्यात काढायचा आणि लिंबू ताटात पिळायचं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं, आणि कढईला आंबट लागत नाही. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

गंजासाठी: कढई घासून कोरडी करायची, गॅसवर पाणी उडेपर्यंत तापवायची आणि जवसाच्या किंवा रोजच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. पुसून काढल्यावर उरेल तेवढंच तेल. मग धूर निघेपर्यंत तापवून थंड करायची. असं चार-सहा वेळा केलं की काळी तुकतुकीत कढई तयार. नवी बिडाची कढई आणली तर आधी गरम पाण्यानं आणि साबणानं फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत धुवा, गंज धरू नये म्हणून तिला दुकानात तेल-रंग लावलेला असू शकतो.

कढई औषधाच्या जागी मात्र नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या. आणि घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर त्या माणसाला लोखंडी कढईतलं देऊ नका, त्यांच्या अंगात लोह आधीच साठत असतं.

संकेश्वरहून एक निवृत्त गुरुजी: स्टील अस्सल की नकली हे मी लोहचुंबकानं पाहतो. चिकटलं तर नकली. माझी पद्धत बरोबर आहे ना?

नाही गुरुजी. ३०४ या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, त्याला चुंबक चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या स्टीलला, उदाहरणार्थ २०२ ला, तेही चिकटत नाही. उलट ४३० ला चिकटतं, आणि ते नकली नव्हे, फक्त त्यात निकेल नाही. ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते, म्हणजे निकेल सोसत नाही, त्यांना ४३० बरं. इंडक्शनच्या शेगडीला तर चुंबक चिकटणारंच बूड लागतं. भांड्यावरचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह बघा, चुंबक पोरांना खेळायला द्या. नवं स्टील पहिल्या काही वेळा आंबटात निकेल-क्रोमियम थोडं जास्त सोडतं, पुढे ते कमी होतं. म्हणून नव्या पातेल्यात मुहूर्ताला सार न करता दूध किंवा भात करावा. आणि मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावं. थंड पाण्यात तळाशी बसलेलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

कारवारहून: माशाची आमटी आम्ही कोकम घालून मातीच्या मडक्यात करतो. प्रदर्शनातून आतून चकचकीत, लाल-पिवळं रंगवलेलं मडकं आणलंय. त्यात केली तर चालेल?

त्यात नको. साधं, बिनझिलईचं, भाजलेलं मडकं कोकमाला उत्तम, आंबटाशी त्याचं वैर नाही. चकाकी येते ती झिलईनं, आणि स्वस्त चकचकीत झिलईत शिसं घालायची चाल फार जुनी आहे. कोकम आणि शिसं यांची गाठ पडू देऊ नये. लाल-पिवळ्या भडक रंगांचा संशय जास्त. मडकं कोनाड्यात ठेवा. आमटीसाठी खानापूरचं साधं घ्या. तिथली माती चांगली, कौलं आणि मडकी यांसाठी गाव पूर्वीपासून नावाजलेलं आहे, आणि खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच. नवं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात भाताची पेज मंद आचेवर उकळा, म्हणजे छिद्रं भरतात. साबण लावू नका. ते पितं आणि पुढच्या आमटीत सोडतं. राख किंवा बेसनानं घासा.

बेळगावहून कॉलेजची विद्यार्थिनी: तांब्याच्या बाटलीत रात्री पाणी भरून सकाळी लिंबू-मध घालून त्यातच पिते. वजन कमी होतं म्हणतात.

वजनाचं तू जिमवाल्याला विचार. तांब्याचं मी सांगते. नुसतं पाणी रात्रभर ठेवलंस तर चालेल. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे. लिंबू पडलं की तांबं झपाट्यानं उतरायला लागतं. सकाळी मळमळतं, पोटात ढवळतं, असं पत्राच्या शेवटी लिहिलंयस, त्याचं कारण बहुधा हेच. पाणी काचेच्या पेल्यात ओतून घे आणि लिंबू त्यात पिळ. बाटली आतून हिरवी दिसत असेल तर चिंच-मिठानं घासून, भरपूर धुऊन मगच पुन्हा भर.